मोहाच्या झाडावर अडकलेली बाभूळ

भोपाळला थंडी पडते, नाही असं नाही. डिसेंबर संपत आला की पहाटे दुलई सोडवत नाही आणि दोन-चार दिवस दुपारीही स्वेटर अंगावर राहतो. पण एवढ्याशा थंडीसाठी घरात फायरप्लेस बांधणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो माझा धाकटा दीर आहे.

दीर टी. टी. नगरच्या एका सरकारी कचेरीतून इंजिनियर म्हणून निवृत्त झाला. इंजिनियर म्हणजे काय, तर दुसऱ्यांनी बांधलेल्या गोष्टींच्या कागदांवर पस्तीस वर्षं सह्या केल्या. निवृत्तीनंतर त्याने रायसेन रोडला आत जाऊन थोडी शेतजमीन घेतली आणि तिच्यावर दोन खोल्या आणि एक व्हरांडा बांधला. ह्याला तो फार्महाऊस म्हणतो. कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी हॉटेलात त्याने फायरप्लेस पाहिली होती, म्हणून बाहेरच्या खोलीत तीही करून घेतली. चिमणी आखूड झाल्यामुळे पहिल्या दिवशी सगळा धूर खोलीत आला आणि आम्ही सगळे डोळे पुसत अंगणात उभे राहिलो. दीर म्हणाला, "लाकूड ओलं आहे. वाळलेलं चांगलं लाकूड पाहिजे."

त्याच्या शेताकडे वळायच्या आधी रस्त्यावरच लाकडाची टाल आहे. तिथे फोडून वाळवलेलं सरपण मिळतं, गाडीच्या डिकीत रचूनही देतात. पण दिराला ते नको होतं.

"स्वतःच्या जमिनीतलं लाकूड, आपल्या हातांनी तोडलेलं, त्याची मजाच वेगळी असते, वहिनी," तो मला म्हणाला.

हे वाक्य त्याने मोबाईलवर कुणा परदेशी माणसाचे व्हिडिओ बघून उचललं होतं. घरातला बल्ब बदलायलाही ज्याला इलेक्ट्रिशियन लागतो, त्या माणसाने झाडं कापायची, पेट्रोलवर चालणारी चेनसॉ मागवली.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी भोपाळमध्येच, बरखेड्याला, तिथल्या मोठ्या कारखान्याच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स होते. नवरा त्याच कारखान्यात ड्राफ्ट्समन. दवाखान्यात माझ्यासमोर बोटं आली, तळहात आले, डोळे आले, एकदा फडक्यात गुंडाळलेला अंगठा आला. गरीब कामगार कमी होते त्यांत. ते जपून असायचे, त्यांना हात परवडत नव्हता गमावायला. जास्त करून यायचे ते ज्यांना आपल्याला सगळं येतं असं वाटायचं ते. खुर्चीवर बसल्यावर प्रत्येकाचं वाक्य एकच: "सिस्टर, एक मिनिट का ही तो काम था." त्या वाक्याचा मला इतका तिटकारा आला होता की शेवटच्या वर्षांत मी ते पुरं होऊच देत नसे. टिटॅनसची सुई टोचून गप्प करत असे. माझ्या हाताला दया नाही अशी कारखान्यात माझी ख्याती होती. ती खोटी नव्हती.

तर मशीन आली त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही फार्महाऊसवर गेलो. मी, नवरा, दीर, जाऊ आणि दिराचा मॉर्निंग वॉकमधला एक मित्र. हे गृहस्थ मूळचे ग्वाल्हेरचे, बँकेतून निवृत्त झालेले. मी त्यांना मनातल्या मनात बँकवाले म्हणते. बोलायचे भरपूर, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी स्वतःच हसायचे. तिथे शेताचा राखणदार होताच. पन्नाशीचा माणूस, जवळच्या गावातून रोज सकाळी सायकलवर यायचा, झाडांना पाणी द्यायचा, संध्याकाळी परत जायचा. जन्मभर त्याने लाकूडच तोडलं होतं. दिराने त्याला ते कधी विचारलं नव्हतं.

तोडायची होती ती बाभूळ कुंपणाच्या आत उभी होती. जुनं झाड, माझ्या दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावेल असा बुंधा, अर्धं वाळलेलं. ते सरळ नव्हतं. शेजारच्या मोहाच्या झाडाकडे चांगलं कललेलं होतं आणि वरच्या सगळ्या फांद्या त्याच अंगाला गेल्या होत्या. दिराला ते उलट्या बाजूला, मोकळ्या गवतात पाडायचं होतं.

राखणदाराने मान वर करून झाडाकडे बघितलं आणि सांगितलं, "साब, ये उधर नहीं गिरेगी. सारा वजन तो महुए की तरफ है. पहले ऊपर की डालें उतार लो. फिर गाँव से ट्रैक्टर ले आता हूँ, रस्सा बाँध के खींच लेंगे."

"तुम चाय का पानी चढ़ाओ," दीर म्हणाला.

बँकवाले हसले.

मशीनच्या खोक्यात एक पुस्तिका होती. ती खोक्याच्या तळाशी तशीच पडली होती, वरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा न फाडलेली. चहा होईपर्यंत मला काम नव्हतं, म्हणून मी ती काढून वाचली. इंग्रजी ठिकठिकाणी चुकलेलं होतं, पण चित्रं अशी की शाळेत न गेलेल्या माणसालाही कळावीत. मशीन सुरू करताना जमिनीवर ठेवा आणि पायाने दाबून धरा. पात्याचं टोक लाकडाला लावू नका, मशीन उसळून तोंडावर येते. खांद्याच्या वर कापू नका. झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूने आधी खोल खाच करा, मग मागून कापत या, पण मध्ये बोटभर जाड लाकूड तसंच राहू द्या. दाराच्या बिजागरीसारखं ते लाकूड झाडाला धरून ठेवतं आणि हळू वळवतं. कापायच्या आधी आपल्याला मागे पळायला वाट साफ करून ठेवा. झाडाच्या दुप्पट उंचीएवढ्या अंतरात दुसरं कुणी उभं राहू देऊ नका. आणि शेवटच्या पानावर, मोठ्या लाल फुलीखाली: पडताना झाड दुसऱ्या झाडावर अडकलं तर त्याच्या खाली जाऊ नका.

हेल्मेट, जाड बूट, डोळ्यांवर जाळी आणि मांड्यांवर जाड पट्ट्या असलेला एक माणूसही त्यात काढला होता. मी पुस्तिकेतून मान वर केली. समोर दीर उभा होता. पायात चालायला जायचे बूट, डोळ्यांवर उन्हाचा चष्मा आणि गळ्यात जावेने विणलेला लांब मफलर, ज्याची दोन्ही टोकं पोटापर्यंत लोंबत होती.

"भाऊजी, मफलर तरी काढा," मी म्हणाले. "त्या साखळीत गेला तर मान घेऊन जाईल."

"वहिनी, तुम्हाला सगळीकडे पेशंटच दिसतात."

"बरं. मग हे वाचा. दोनच पानं आहेत."

"ते कंपन्या स्वतःला वाचवायला छापतात. कोर्टकचेऱ्यांसाठी." त्याने पुस्तिका माझ्या हातातून घेतली आणि पेट्रोलच्या डब्याखाली ठेवली, डब्याचा ओघळ टेबलावर येऊ नये म्हणून.

मशीन त्याने एका हातात लोंबकळत धरली आणि दुसऱ्या हाताने दोरी ओढली. आठ-दहा वेळा ओढूनही ती सुरू होईना. बँकवाले प्रत्येक वेळी "अब होगी, अब होगी" म्हणत होते. शेवटी ती सुरू झाली आणि दीर तिच्यासकट अर्धा गरकन फिरला. जाऊ मागे सरली. दिराच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो मी चार वर्षांच्या मुलांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे, पण त्यांच्या हातात टाचणी सापडली तरी आपण ती काढून घेतो.

मग दोराचा विषय निघाला. झाड मोकळ्या गवताकडेच पडावं म्हणून दिराने वरच्या फांदीला दोर बांधून घेतला. त्यासाठी राखणदाराला झाडावर चढवलं. दोराचं दुसरं टोक त्याने माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं.

"दादा, तू तिकडे गवतात उभा राहा आणि मी सांगितलं की ओढ."

माझा नवरा बाहत्तर वर्षांचा आहे. धाकट्या भावाला नाही म्हणायचं तो लहानपणीच विसरला असावा, कारण लग्नाला एवढी वर्षं झाली, मी त्याला तसं म्हणताना एकदाही ऐकलं नव्हतं. तो आज्ञाधारकपणे दोर घेऊन गवतात जाऊन उभा राहिला. मी डोळ्यांनी मापलं. दोर झाडाच्या उंचीहून आखूड होता. म्हणजे झाड दिराच्या म्हणण्याप्रमाणे पडलंच, तर ते बरोबर माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर पडणार होतं. ड्राफ्ट्समन माणूस हा. हयातभर कागदावर मापं काढली. त्याला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं आणि तरी तो उभा होता.

"दोर सोडा आणि इकडे या," मी म्हणाले.

"अगं, तो म्हणतोय..."

"दोर सोडा आणि इकडे या."

तो आला. दीर चिडला. त्याने दोर बँकवाल्यांपुढे धरला. बँकवाल्यांना त्याच क्षणी आपली कंबर आठवली. मग दोर तसाच गवतात पडून राहिला.

दिराने कापायला सुरुवात केली. गवताच्या बाजूने त्याने खाच केली ती दोन बोटं खोल, नावाला. मग मागच्या बाजूने छातीच्या उंचीवर पातं घातलं. साखळीतून निळसर धूर यायला लागला, कारण साखळीला लागणारं तेल वेगळं भरायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. राखणदार मला हळूच म्हणाला, "माताजी, आप लोग और पीछे हो जाओ." आम्ही सगळे व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत मागे गेलो. बँकवाले सगळ्यांत मागे, मोबाईल वर धरून.

झाड पडायच्या आधी एक आवाज येतो. जाड गोणपाट कुणी सावकाश फाडावं तसा. बाभूळ जागच्या जागी थोडी वळली, गवताकडे पाठ केली आणि जिकडे तिला आधीपासूनच जायचं होतं तिकडे गेली. मोहाच्या झाडाने तिला अर्ध्यावर धरलं. फांद्यांत फांद्या गुंतल्या आणि ती तिथेच तिरपी राहिली, वरचं डोकं मोहात आणि खालचा बुंधा खुंटाच्या एका चिरफळीवर टेकलेला. सगळं ओझं त्या चिरफळीवर.

दिराने मशीन बंद केली, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "नव्वद टक्के काम झालं."

बँकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

आम्ही जेवायला बसलो. पुऱ्या, बटाट्याची भाजी, गाजराचा हलवा. व्हरांड्यातून ते तिरपं झाड समोरच दिसत होतं. वारा आला की ते कुरकुरायचं. दीर सांगत होता की ह्या बाभळीचं सरपण दोन हिवाळे पुरेल. जाऊ माझ्याजवळ सरकून बसली.

"ताई, ते पडेल का हो?"

"पडेल."

"कधी?"

"ते मला कसं कळणार?"

तिने पुरी ताटात ठेवली. "तुम्ही सांगा ना ह्यांना. तुमचं ऐकतील."

"सकाळपासून किती ऐकलं ते पाहिलंस ना," मी म्हणाले आणि हलवा वाढून घेतला. हलवा वाढून घेतला हे मला चांगलं आठवतं.

जेवण झाल्यावर दिराने राखणदाराला बोलावलं. कुऱ्हाड घेऊन झाडाखाली जा आणि मोहात अडकलेल्या फांद्या तोड, असं त्याला सांगितलं. राखणदार जागचा हलला नाही.

"साब, मैं इसके नीचे नहीं जाऊँगा."

"क्यों? डर गए?"

"हाँ साब. डर गया."

दिवसभरात त्या शेतावर बोललं गेलेलं ते एकमेव शहाणं वाक्य. त्या माणसाने ते मान खाली न घालता, अगदी साध्या आवाजात म्हटलं. बँकवाले खुर्चीवर बसून दात कोरत होते. ते म्हणाले, "ये लोग ऐसे ही होते हैं. कामचोर."

दीर उठला. "ठीक आहे. मीच करतो. खालून बुंधा मोकळा केला की आपोआप घसरून येईल."

तो झाडाकडे निघाला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आता मी काहीतरी बोलेन अशी त्याची अपेक्षा होती. सकाळी नवऱ्याला हाक मारून बोलावलं तशी दिरालाही हाक मारता आली असती. पायऱ्यांवरून चार पावलं पुढे जाऊन मोठ्याने, नर्सच्या आवाजात, 'तिथे जाऊ नका' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी हाताची घडी घातली. म्हटलं, जाऊ दे. मला पुढचं सगळं दिसत होतं, चित्रासकट, लाल फुलीसकट. मला ते दिसत होतं आणि मी वाट बघत होते.

मशीन सुरू झाली. दीर खुंटाला लागून उभा राहिला, मागे कुंपणाची तार, म्हणजे पळायलाही जागा नाही. पातं त्या चिरफळीला लागलं न लागलं तोच ती तुटली. इतका वेळ अडकून बसलेलं ओझं एकदम सुटलं. बुंधा खुंटावरून पुढे न घसरता उसळून मागे आला आणि खाली आदळला तो दिराच्या डाव्या नडगीवर. तो बसकण मारावी तसा खाली गेला, हातातली मशीन सुटली आणि पडता पडता तिची फिरती साखळी त्याच्या उजव्या मांडीला लागली. बाभूळ थोडी खाली आली आणि मोहात पुन्हा अडकली. ती पूर्ण आली असती तर हे लिहायला मला वेगळी भाषा लागली असती.

एक क्षण मला बरं वाटलं. एकच क्षण, पण वाटलं. हे लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

मग पाय आपोआप चालायला लागले. बत्तीस वर्षांची सवय. राखणदार माझ्या आधी पोचला होता. झाडाखाली जाणार नाही म्हणणारा तो माणूस आता त्याच झाडाखाली वाकला आणि दिराच्या काखांत हात घालून त्याला ओढत बाहेर घेऊन आला. मशीन गवतात पडून फुरफुरत होती. मी नवऱ्याला वरचं लाल बटण दाखवलं, त्याने ते दाबलं. जाऊ रडत होती. मी दिराच्या गळ्यातला मफलर काढला, घडी केली आणि मांडीवर दाबून धरला. साखळीची जखम सुरीच्या जखमेसारखी नसते. कडा सरळ नसतात, ती ओरबाडून गेलेली असते. पण मोठी रक्तवाहिनी वाचली होती, ते मला हाताखाली लगेच कळलं. डावी नडगी मात्र दुमडू नये तिथे दुमडली होती. मशीनच्या खोक्याचा जाड पुठ्ठा फाडून मी पायाला त्याची खोळ केली आणि जावेच्या ओढणीने बांधली.

दीर पांढरा पडला होता. ओठ हलत होते. मी कान जवळ नेला.

"वहिनी," तो म्हणाला, "मशीनमध्येच फॉल्ट आहे."

राखणदाराने आणि नवऱ्याने त्याला खाटेवर घालून गाडीपर्यंत नेलं. बँकवाले म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी इथे सामान सांभाळतो." नवऱ्याने गाडी चालवली. मागच्या सीटवर मी सगळा रस्ताभर मफलर दाबून बसले होते, आणि प्रत्येक गतिरोधकाला दीर ओरडत होता. साकेत नगरला लागून जे मोठं हॉस्पिटल आहे तिथे आम्ही पोचलो तेव्हा माझी बोटं सरळ होत नव्हती.

पायात सळी घातली, मांडीला टाके पडले. पुढचे तीन आठवडे दीर पडून होता आणि त्याला भेटायला माणसांची रीघ लागली. भोपाळमधली मराठी घरं एकमेकांना धरून असतात, कुणी आजारी पडलं की डबे घेऊन येतात, आणि येणाऱ्याला हकिकत पहिल्यापासून ऐकायची असते. दिराला सांगायची हौस होतीच. पहिल्या आठवड्यात दोष मशीनचा होता. दुसऱ्या आठवड्यात झाड आतून पोकळ निघालं. मग राखणदार ऐन वेळी पळून गेला. जो माणूस त्याला झाडाखालून ओढून बाहेर घेऊन आला, तो पळून गेला! पलंगावरूनच फोन करून दिराने त्याला कामावरून काढून टाकलं.

आणि चौथी हकिकत मला जावेकडून कळली. ती माझ्याकडे आली, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "ताई, हे सगळ्यांना सांगतायत की तुम्ही मागून किंचाळलात. म्हणून ह्यांचं लक्ष उडालं."

"तू तिथेच होतीस. मी किंचाळले?"

"नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

ती निघायला उठली. तिचं लग्न त्या माणसाशी झालं आहे, तिच्याकडून आणखी काय अपेक्षा करायची. पण माझा नवराही गप्पच. मी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "जाऊ दे गं, तो अंथरुणात आहे. बोलू दे." मी त्या दिवशी त्याच्याशी जेवणापुरतं बोलले, आणि नंतर कितीतरी दिवस तेवढंच.

दरम्यान एक दिवस जावेच्या काही वस्तू आणायला आम्ही शेतावर गेलो. कुंपणापाशी ट्रॅक्टर उभा होता. राखणदार आणि गावातले दोघे जण बाभळीचं बघत होते. नोकरी तर गेली होती, मग हे का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "ऐसे ही छोड़ देंगे तो कल किसी की बकरी जाएगी, किसी का बच्चा जाएगा इसके नीचे."

त्यांनी घाई केली नाही. आधी तिघांनी मिळून झाडाभोवती एक फेरी मारली. मग मागची झुडपं कापून पळायला वाट केली आणि आम्हाला रस्त्यापर्यंत मागे पाठवलं. लांबून, तिरपा, भक्कम दोर बुंध्याला बांधला. ट्रॅक्टर इतका हळू पुढे सरकला की चाकं हलताहेत की नाही ते कळेना. बुंधा मागे मागे ओढला गेला, मोहाच्या फांद्या मोकळ्या झाल्या आणि बाभूळ जमिनीवर आली. त्या वेळी झाडाच्या आसपास चिटपाखरूही नव्हतं. हे सगळं तासाभरात झालं. ट्रॅक्टरवाल्याच्या मेहनतीबद्दल त्यांनी ट्रॉली भरून लाकूड नेलं. पुढे दीर त्याला चोरी म्हणाला. मी तेव्हा तिथे उभी होते आणि जाड ओंडके आधी चढवा म्हणून सांगत होते. राखणदाराला शेजारच्याच शेतावर काम मिळालं. तिथला मालक त्याला विचारून झाडं छाटतो असं ऐकलं.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या इथल्या मराठी मंडळात दर महिन्याला ज्येष्ठ नागरिकांची सभा असते तिथे दिराचं भाषण ठेवलं होतं. विषय, घरगुती यंत्रं आणि सुरक्षितता. मला आधी ती चेष्टा वाटली. पण तो खरोखरच काठी टेकत पुढे आला, टेबलावर एक पिवळं हेल्मेट ठेवलं, एक जाळीचा चष्मा ठेवला आणि बोलायला लागला. खाच कशी करावी, मागची वाट कशी मोकळी ठेवावी, अडकलेल्या झाडाखाली का जाऊ नये. सगळं बरोबर सांगत होता. एक शब्द चुकला नाही. लोक माना डोलावत होते, पहिल्या रांगेत बँकवाले तर वहीत लिहून घेत होते. जन्मभर दुसऱ्यांच्या कामावर सही करणाऱ्या माणसाने आता स्वतःच्या मूर्खपणावरही सही करून तो अनुभव म्हणून खपवला होता.

शेवटी तो म्हणाला, "पण मित्रहो, माणूस कितीही सावध असला तरी ऐन वेळी मागून कुणी किंचाळलं, तर काय करणार?" आणि माझ्याकडे बघून मोठ्या मनाने हसला. लोकही हसले.

माझ्या शेजारची खुर्ची सरकली. नवरा उभा राहिला होता.

"कुणी किंचाळलं नव्हतं," तो म्हणाला.

"दादा, बस खाली. गंमत केली."

"बसतो. मी तिच्या शेजारी उभा होतो. ती ओरडली नव्हती. तुला सकाळी तिने सांगितलं, त्या माणसाने सांगितलं, तू ऐकलं नाहीस. आणि त्याने तुला बाहेर ओढलं, तो पळाला नव्हता." एवढं बोलून तो बसला. मग अध्यक्षांनी घाईघाईने आभार मानले आणि चहा आणि समोसे आलेत म्हणून सांगितलं.

आम्ही चहा घेतला नाही. रिक्षाने घरी निघालो. मला नवऱ्याचा अभिमान वाटत होता आणि तो कसा दाखवायचा ते कळत नव्हतं, कारण तशी वेळ पूर्वी कधी आली नव्हती. मग त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट मला बोचायला लागली, आणि ती बोलल्याशिवाय मला राहवेना.

"तुम्ही खरं तेच सांगितलंत," मी म्हणाले. "मी ओरडले नाही. पण ओरडायला हवं होतं मी."

मला वाटलं तो म्हणेल, छे, तुझा काय दोष, तू किती वेळा सांगितलं होतंस. मी त्यासाठी थांबले. खरं तर तयारच होते ते ऐकायला.

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला, आणि रिक्षावाल्याला पुढच्या वळणावर डावीकडे घ्यायला सांगितलं.